चुंबक लावलं की ॲव्हरेज वाढतं?

टाकीजवळ चुंबक, स्टेअरिंगखाली चिप, पेट्रोलमध्ये गोळी. पेट्रोल वाचवून देणाऱ्या गॅजेट्सचा धंदा जोरात आहे. त्यातलं खरं किती आणि खिशाला कात्री किती?

गाडी नवी असो की जुनी, पहिला प्रश्न ठरलेलाच. कॉलेजच्या पार्किंगमध्ये मित्र विचारतो, लग्नात मामा विचारतो, सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूसही काच खाली करून विचारतो, ‘किती देते?’ रंग, इंजिन, ब्रेक सगळं नंतर. आपल्याकडच्या एका बड्या कार कंपनीने तर याच प्रश्नावर अख्खी जाहिरात मोहीम चालवली आणि ‘कितना देती है?’ देशभर सगळ्यांच्या तोंडी बसलं.

जिथे सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला असतो तिथे उत्तर विकणारेही येतातच. इन्स्टावर दोन रील पाहा, तिसरी येतेच: एक हात इंधनाच्या पाइपला छोटासा डबा लावतो, दुसरा हात स्क्रीनवरचा आकडा दाखवतो, खाली ‘३५% फ्युएल सेव्हिंग, फक्त ₹४९९’. शिवाय आता निमित्तही आयतं आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून ‘गाडी पूर्वीएवढी देत नाही’ ही तक्रार जिकडेतिकडे ऐकू येते. तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा मांडला, त्यातच लिहिलं होतं की शून्य इथेनॉलसाठी डिझाइन केलेल्या आणि १० टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी आणि अशाच दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी उतरू शकतं. म्हणजे खिशाला बसलेला चटका खरा आहे. प्रश्न एवढाच, की त्यावरचं मलम म्हणून जे विकलं जातंय, ते चालतं का?

सरळ उत्तर: जवळजवळ काहीच चालत नाही. पण ‘चालत नाही’ एवढं ऐकून कुणाचं समाधान होत नसतं. ‘अरे, माझ्या काकांच्या गाडीला लावलंय, फरक पडलाय!’ असं सांगणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला उत्तर द्यायचं तर थोडं इंजिनात डोकावायला लागतं.

‘न जळणारं पेट्रोल’ नावाची थाप

बहुतेक गॅजेट्सची जाहिरात एकाच वाक्यावर उभी असते: ‘तुमच्या इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, आमचं यंत्र ते पूर्ण जाळतं.’ ऐकायला पटतं. कारण पेट्रोल इंजिन फार वाया घालवतं हे आपण अकरावी-बारावीच्या फिजिक्समध्ये वाचलेलं असतं. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने २५ ते ३० टक्केच चाकांच्या कामी येते, हे अगदी खरं.

पण वाया काय जातं, ते नीट बघा. वाया जाते ती उष्णता. पेट्रोल जळतं, व्यवस्थित जळतं, आणि त्यातून निघालेली बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते. ही उष्णतेच्या इंजिनाची मूळचीच मर्यादा आहे. न जळता बाहेर पडणारं पेट्रोल मात्र अगदी नगण्य. आजच्या चांगल्या स्थितीतल्या इंजिनात ९७ टक्क्यांहून जास्त इंधन जळून जातं. समजा एखाद्या गॅजेटने उरलेला थेंबन् थेंब जाळला, तरी फायदा होणार दोन-तीन टक्क्यांचा. मग जाहिरातीतले पस्तीस टक्के येणार कुठून?

याचा पडताळा तुमच्या डिकीतच आहे. पीयूसीचा कागद काढा. त्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. हायड्रोकार्बन म्हणजेच न जळलेलं इंधन. गाडी खरोखरच वीस-पंचवीस टक्के पेट्रोल न जाळता बाहेर फेकत असती तर पीयूसी कधीच मिळालं नसतं. आणि ते सगळं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं असतं आणि तो कन्व्हर्टरच वितळला असता.

दुसरी गोष्ट ऑक्सिजन सेन्सरची. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं आणि दुचाक्यांमधूनही कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता पेट्रोल किती सोडायचं हे इसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग (वजनाने) लागतात. सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरला ते सतत मोजतो आणि इसीयू त्यानुसार मिश्रण सेकंदागणिक दुरुस्त करतो. बाहेरून कुणी हवा वाढवली, की इसीयू पेट्रोल वाढवून पुन्हा पहिल्या जागी येतो. म्हणजे तुमच्या गॅजेटने काही केलंच, तरी गाडी ते लगेच पुसून टाकते.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. कार्ब्युरेटरवाली बाइक गॅरेजला नेली, की मेकॅनिक विचारायचा, ‘दादा, ॲव्हरेजवर सेट करू की पिकअपवर?’ आणि स्क्रू-ड्रायव्हरने एक स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. त्यात तथ्य होतं: मिश्रणात पेट्रोल कमी केलं की ॲव्हरेज थोडं वाढायचं आणि गाडी चढावर रडायची. गॅजेटवाल्यांच्या बऱ्याच कल्पना त्या जमान्यातल्या आहेत. स्क्रू गेला, जाहिरात तेवढी राहिली.

चुंबक, चक्री आणि लुकलुकणारी चिप

सगळ्यात लोकप्रिय प्रकार म्हणजे चुंबक. इंधनाच्या पाइपवर दोन्ही बाजूंनी चिकटवायचं, म्हणजे पेट्रोलचे ‘गुच्छात असलेले रेणू मोकळे होतात’ आणि चांगले जळतात, असा दावा. शब्दही भारदस्त असतात: आयोनायझेशन, पोलरायझेशन, मॅग्नेटिक रेझोनन्स. पेट्रोल म्हणजे हायड्रोकार्बनचं मिश्रण. त्याच्यावर चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो की लोखंडाशी तुलनाच नको. पाइपमधून जाता जाता क्षणभर चुंबकाजवळून गेल्याने त्याचं आयोनायझेशन वगैरे होत नाही. आणि झालं असतं असं धरलं तरी पुढे इंजेक्टर त्याच पेट्रोलचा बारीक फवारा उडवतो, ते तापलेल्या सिलिंडरमध्ये वाफ होतं आणि ठिणगीने पेटतं. या सगळ्यात चुंबकाची आठवण कुठे शिल्लक राहणार? एवढं मात्र खरं, की चुंबकाने नुकसान काही होत नाही. जातात ते फक्त पैसे.

हवेच्या पाइपमध्ये बसवायची धातूची चक्री हा दुसरा प्रकार. हवा भोवऱ्यासारखी फिरत आत जाते म्हणून मिश्रण छान होतं, असं सांगतात. पण त्या भोवऱ्याला पुढे थ्रॉटलची झडप, मग मॅनिफोल्डची वळणं आणि शेवटी इंजिनाचे व्हॉल्व्ह पार करायचे असतात. तिथपर्यंत भोवरा टिकत नाही. सिलिंडरमध्ये हवा कशी घुमावी याचं काम कंपनीने पिस्टनचा आणि पोर्टचा आकार ठरवताना आधीच केलेलं असतं. चक्रीने होतो तो फक्त हवेच्या वाटेत अडथळा.

आणि आता कारवाल्यांसाठीची खास वस्तू: ओबीडी सॉकेटमध्ये खोचायची चिप. स्टेअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं. सर्व्हिस सेंटरवाले त्यालाच स्कॅनर जोडतात. त्यात ही हिरवी किंवा पिवळी चिप खोचायची, रिसेटचं बटण दाबायचं आणि गाडी दीडशे-दोनशे किलोमीटर चालवायची. तेवढ्या वेळात चिप म्हणे तुमची चालवण्याची पद्धत ‘शिकते’ आणि मग इसीयूला नव्याने ट्यून करते. परदेशात कित्येक हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी असल्या चिप उघडून पाहिल्या आहेत. आत काय निघालं? एक स्वस्तातला कंट्रोलर, दोन-तीन एलईडी आणि एक बटण. गाडीशी बोलायचं तर ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवरच्या कॅन वायरिंगला जोडून घ्यावं लागतं आणि त्यासाठी वेगळा आयसी लागतो. तो आयसीच आत नव्हता. चिप बॅटरीतून वीज घेत होती आणि दिवे लुकलुकवत होती. बस्स.

यात मला सगळ्यात चलाख वाटतं ते ‘दीडशे किलोमीटर’ हे कलम. तेवढी गाडी फिरेपर्यंत कित्येकांची वस्तू परत करायची मुदत उलटून जाते आणि तोवर ‘अजून शिकतेय’ हे उत्तर तयार असतंच.

गंमत म्हणजे त्याच सॉकेटमध्ये लावायची एक खरी वस्तूही मिळते: ब्लूटूथवाला ओबीडी रीडर. तो इंधन वाचवत नाही, तसा दावाही करत नाही. तो फक्त इसीयूमधले आकडे तुमच्या मोबाइलवर दाखवतो. थोडं जोरात ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोलचा आकडा कसा उसळतो हे डोळ्यांनी दिसलं की पाय आपोआप हलका होतो. चिपने होत नाही ते कधी कधी या आकड्याने होतं.

पाण्यावर चालणारी गाडी

या बाजारातला सगळ्यात घातक माल म्हणजे एचएचओ किट. बॉनेटखाली पाण्याची बाटली, त्यात इलेक्ट्रोड, गाडीच्याच बॅटरीची वीज. पाण्याचं विघटन होतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन इंजिनात जातात आणि पेट्रोल वाचतं, असा दावा. यूट्यूबवर याचे व्हिडिओ ढिगाने सापडतील आणि इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टमध्येही हा विषय हमखास दिसतो.

जरा हिशेब करू. पेट्रोलमधली ऊर्जा १०० धरली तर इंजिनातून कामाची मिळते ३०. त्यातून अल्टरनेटर वीज बनवतो. तो सुमारे ६० टक्के कार्यक्षम धरला तर उरली १८. विजेने पाणी फोडताना पुन्हा ६० टक्केच धरू, तर हायड्रोजनमध्ये पोचली ११. तो हायड्रोजन त्याच इंजिनात जाळला की कामाला आली जेमतेम ३. म्हणजे ज्यातून ३० मिळत होते त्यातून ३ मिळवण्यासाठी एवढी खटपट! आकडे थोडे इकडेतिकडे करा, उत्तर बदलत नाही. पाणी हे हायड्रोजन जळून झालेली राखच आहे. राख पुन्हा लाकूड करायला जितकी ऊर्जा घालू, त्याहून जास्त ती परत कशी देईल?

अमेरिकेतल्या ओहायोमधल्या स्टॅन्ली मायर याने ‘वॉटर फ्युएल सेल’च्या जोरावर असाच गाजावाजा केला होता. १९९६ मध्ये त्याच्या दोन गुंतवणूकदारांनी त्याला कोर्टात खेचलं. तज्ज्ञांनी यंत्र तपासलं, तर त्यात नेहमीचंच इलेक्ट्रोलिसिस निघालं. कोर्टाने ही ढळढळीत फसवणूक ठरवली आणि त्यांचे २५ हजार डॉलर परत करायला लावले. त्याच साली आपल्याकडे तमिळनाडूतल्या ‘वनस्पतीच्या पेट्रोल’ने देशभर खळबळ उडवली होती. पाण्यात पाला उकळून पेट्रोल बनवण्याचा तो दावा होता. बातम्या पहिल्या पानावर आल्या, पण प्रयोगशाळेत तो दावा टिकला नाही. चुंबक निरुपद्रवी असतं, एचएचओ किट तसं नाही. बॉनेटखालच्या उष्णतेत हायड्रोजन, कॉस्टिकचं द्रावण आणि हौशी वायरिंग एकत्र म्हणजे आगीला आमंत्रण.

गोळी टाका, पैसे कमवा

पेट्रोलच्या टाकीत डांबराच्या गोळ्या टाकल्या की गाडी जास्त पळते, हे ज्ञान आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. कपाटातल्या गोळ्यांचा हा उपयोग तुम्ही एखाद्या आजोबांकडून नक्की ऐकला असेल. नॅफ्थलीन पेट्रोलमध्ये विरघळतं, जळतंही. पण पाच लिटरच्या टाकीत एक गोळी टाकून त्यात वाढलेली ऊर्जा नगण्यच. खाली गाळ बसून इंजेक्टर तुंबला तर मात्र गॅरेजचं बिल भरावं लागेल.

हे गावठी वाटतं? मग ही अमेरिकेतली गोष्ट ऐका. २००६ मध्ये टेक्सासच्या ॲटर्नी जनरलने बायोपरफॉर्मन्स नावाच्या कंपनीवर खटला भरला. कंपनी पेट्रोल वाचवणारी ‘जादूची गोळी’ विकत होती, तीही साखळी पद्धतीने. एकाने दुसऱ्याला जोडायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. गोळी तपासली तर ती मुख्यतः नॅफ्थलीनची निघाली. थोडक्यात, डांबराची गोळीच.

ही गोष्ट मुद्दाम सांगतोय. कारण असा माल आपल्या वयाच्या मुलांच्या हातात दोन वाटांनी येतो. एक म्हणजे ग्राहक म्हणून. दुसरी, जास्त गुळगुळीत वाट म्हणजे विक्रेता म्हणून. ‘पार्टटाइम इन्कम’, ‘बी युअर ओन बॉस’, हॉटेलच्या हॉलमधलं सेमिनार, सुरुवातीला पाच-सात हजारांचं किट. मग पहिलं गिऱ्हाईक कोण? घरचे, रूम पार्टनर, कोपऱ्यावरचे रिक्षावाले काका. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या रिक्षावाल्याला किंवा डिलिव्हरी करणाऱ्या पोराला इंधनातले दहा टक्के म्हणजे महिन्याचं किराणा सामान. म्हणूनच तो फसतो, आणि आपल्या ओळखीवर विश्वास ठेवून फसतो.

रील बनवणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवलेलं बरं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि त्या जाहिरातीत वस्तूची भलामण करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. दाव्याची खातरजमा आधी केली होती हे दाखवता आलं तर बचाव होतो. ‘मला फ्री पाठवलं होतं म्हणून टाकलं’ हा बचाव नाही.

मग काकांना फरक कसा पडला?

काका खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच आकडा वाढलेला दिसला असेल. फक्त त्यामागचं कारण ते गॅजेट नसतं.

आधी मोजण्यातलीच गोम बघा. स्कूटर १८० किलोमीटर चालली आणि टाकी फुल करायला चार लिटर लागलं, म्हणजे ४५चं ॲव्हरेज. पण ‘फुल’ म्हणजे नक्की किती? एका पंपावर नोझल लवकर तुटतं, दुसऱ्या पंपावरचा पोरगा गळ्यापर्यंत भरतो, गाडी साइड स्टँडवर असेल तर अजून वेगळं. २०० मिलिलिटर इकडेतिकडे सहज होतं. ३.८ लिटर गेलं तर ॲव्हरेज ४७.४, ४.२ गेलं तर ४२.९. गाडीत काहीही न बदलता दहा टक्क्यांचा फरक! जाहिरातीला एवढं पुरतं.

त्यात माणूस गॅजेट कधी घेतो? ॲव्हरेज सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा. पावसाळ्यात रस्त्यांची चाळण झालेली, टायरमध्ये हवा कमी, रोजच्या वाटेवर मेट्रोचं किंवा पुलाचं काम. पुढच्या महिन्यात पाऊस थांबतो, रस्ता मोकळा होतो, ॲव्हरेज आपलं आपण सुधारतं. श्रेय चुंबकाला. बऱ्याचदा गॅरेजवाला गॅजेट बसवतानाच चेनला तेल देतो, प्लग साफ करतो, हवा भरतो. श्रेय पुन्हा चुंबकालाच. आणि दीड हजार रुपये मोजल्यावर माणूस ॲव्हरेज बघायला म्हणून का होईना, गाडी सांभाळून चालवायला लागतो. गाडी तीच, पण चालवणारा बदललेला असतो.

याच कारणासाठी खऱ्या चाचण्या रस्त्यावर करत नाहीत. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या सायकलप्रमाणे, ठरलेल्या तापमानात, सेकंदासेकंदाला ठरलेल्या वेगाने चालवतात. कंपनीच्या जाहिरातीत मायलेजचा जो ‘एआरएआय’वाला आकडा असतो तो अशाच चाचणीतून येतो. रस्त्यावर तेवढं मिळत नाही, कारण रोलरवर सिल्क बोर्ड किंवा चांदणी चौक नसतो. पण गॅजेटसह आणि गॅजेटशिवाय तुलना करायला याहून चांगली जागा नाही. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने सत्तरच्या दशकापासून शंभराहून जास्त गॅजेट्स तपासली. मायलेजमध्ये म्हणण्यासारखी वाढ करणारं त्यात एकही सापडलं नाही. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी किंचित फरक दाखवला. त्यातलं काही तर गरजेच्या वेळी एसी बंद करणारं होतं. ते काम आपलं बोटही करतं. २००५ मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकानेही अशा वस्तू डायनोवर तपासल्या. मायलेज एकानेही वाढवलं नाही.

यावर नेहमीचा पलटवार ठरलेला: ‘तेल कंपन्या दाबून टाकतात रे!’ हे म्हणणंही जुनंच. १९३० च्या दशकात कॅनडाच्या चार्ल्स पोग याच्या कार्ब्युरेटरने गॅलनला दोनशे मैल मिळतात अशी हवा होती. तो दाबला गेला अशी दंतकथा आजही फिरते. पण पोगची पेटंट्स सार्वजनिक आहेत, मुदत कधीच संपलेली आहे. कुणीही बनवावं, विकावं. बनवून दोनशे मैल कुणी काढून दाखवलेले नाहीत. आणि दुसरी बाजूही पाहा. २०१७ पासून आपल्याकडे कार कंपन्यांना त्यांच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी इंधन वापरावर मर्यादा आहे आणि २०२२ पासून ती आणखी कडक झाली. अर्धा टक्का मायलेज वाढवायला कंपन्या हलकं पोलाद, कमी घर्षणाचे टायर, पातळ ऑइल यांवर कोट्यवधी खर्च करतात. तीनशे रुपयांच्या चुंबकाने वीस टक्के मिळत असते तर त्यांनी ते कारखान्यातच बसवून दिलं असतं आणि वर दोन हजार रुपये लावले असते.

खरोखर चालतं ते

चालणाऱ्या वस्तू आहेत, पण त्या कंटाळवाण्या आहेत. रील होत नाही त्यांची. टायरची हवा मोजायचा गेज हे माझ्या मते जगातलं सगळ्यात स्वस्त आणि खरं फ्युएल सेव्हर. पंपावर ‘हवा बघ जरा’ म्हणतो आपण, पण किती पीएसआय हवी ते आपल्यालाच माहीत नसतं. कारच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, बाइकच्या चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतं, तिथे लिहिलेलं असतं. हवा सकाळी, टायर गार असताना मोजायची. (नायट्रोजनसाठी जास्त पैसे मागितले तर आठवा, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो.)

वेग हा दुसरा भाग, आणि हा बहुतेकांना आवडत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० च्या जागी १०० ने गेलात तर हवेशी झुंजायला प्रत्येक किलोमीटरमागे ५६ टक्के जास्त ऊर्जा लागते. एक्स्प्रेस-वेवर तासाभरात वाचतात ती दहा-बारा मिनिटं, आणि टपावर मोकळं कॅरिअर असेल तर अजूनच नुकसान. शहरात मात्र वेगापेक्षा धसमुसळेपणा महाग पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीप्रमाणे आक्रमक ड्रायव्हिंगने गर्दीतल्या रस्त्यावर मायलेज १० ते ४० टक्क्यांनी घटू शकतं. पुढे लाल सिग्नल दिसत असताना जोरात जाऊन करकचून ब्रेक दाबणं म्हणजे पेट्रोल जाळून ब्रेक पॅड तापवणं. एखादं गॅजेट चाळीस टक्क्यांचा दावा करतं ना, तेवढा आकडा इथे पडलेला आहे.

सिग्नलला गाडी आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणारी यंत्रणा आता साध्या बाइकमध्येही मिळते. ती खरी आहे, गर्दीत उपयोगी आहे. नसेल तर किल्ली आहेच.

आणि घाटाबद्दल एक सांगायलाच हवं. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची, पेट्रोल वाचतं, हे आपल्याकडे चालकांची पिढी पुढच्या पिढीला शिकवते. कार्ब्युरेटरच्या काळात थोडंफार वाचतही असेल. इंजेक्शनवाल्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इसीयू इंजेक्टरच बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवत राहतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत, तर इंजिन चालू राहावं म्हणून त्याला थेंब थेंब पाजावं लागतं. म्हणजे कात्रजच्या किंवा आंबेनळीच्या उतारावर न्यूट्रल करणारा पेट्रोलही जाळतो आणि इंजिन ब्रेकिंगही घालवतो. तापलेल्या ब्रेकवर भरवसा ठेवून वळण घेणं किती महागात पडतं हे घाटातले फलक सांगतातच.

एअर फिल्टरबद्दल मात्र थोडा भ्रमनिरास. तुंबलेला फिल्टर बदलला की मायलेज वाढतं, हे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला लागू होतं. नव्या इंजेक्शनवाल्या कारमध्ये फिल्टर तुंबला तर पिकअप जातो, मायलेजवर फारसा परिणाम होत नाही. फिल्टर बदला, पण इंजिनाच्या तब्येतीसाठी. जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोलही असंच. ऑक्टेन म्हणजे इंजिन ठोकण्याला विरोध करण्याची क्षमता, ऊर्जा नव्हे. ज्या इंजिनाला कंपनीने ते सांगितलेलं नाही त्याला ते पाजून फक्त पंपवाला खूश होतो.

तरी घ्यायचंच असेल तर

विक्रेत्याला कागद मागा. ‘आयएसओ सर्टिफाइड’ चालणार नाही, ते कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं, वस्तूच्या गुणाचं नाही. ‘पेटंटेड’ही चालणार नाही, पेटंट देताना कुणी तुमची गाडी चालवून बघत नाही. ‘एआरएआय टेस्टेड’ म्हणाला तर विचारा: कोणत्या गाडीवर, कोणत्या सायकलवर, लावून किती आणि काढून किती? वॉरंटीतल्या गाडीची वायर कापायची असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, नंतर ते दुरुस्ती नाकारू शकतात. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि घरी आधीच एखादं चुंबक पडलेलं असेल, काकांचं असेल, तर एक प्रयोग मजेशीर होतो. एकाच पंपावर, एकाच नोझलवर, गाडी मेन स्टँडला लावून, नोझल पहिल्यांदा तुटलं की थांबायचं. दर टाकीला किलोमीटर आणि लिटर वहीत लिहायचे, टायरची हवा दर वेळी तीच. चुंबक लावायचं की नाही हे मित्राने नाणं उडवून ठरवायचं आणि लावलं की नाही ते त्याच्याच वहीत लिहायचं. काकांना कळू द्यायचं नाही. वरून चिकटपट्टी गुंडाळली की दिसतही नाही. दहा-बारा टाक्या झाल्या की काकांना विचारा, कोणत्या टाक्यांना चुंबक होतं ते ओळखा. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून उघडा.